पाळणाघरात आडवे झालेले साहेब

"थांबा, आधी मी बघतंय," असं म्हणून साहेब शर्टाच्या बाह्या वर करू लागले, की आम्ही ओळखायचो, कारखान्यात नवा नियम येणार.

मुलुंडच्या आमच्या कारखान्यात डब्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनतात. मी डिस्पॅचला, आणि साहेब आमचे पर्सोनेल ऑफिसर. सरकारने कायदा केला की त्यावरून कारखान्याचे नियम करायचे आणि भिंतीवर लावायचे, हे त्यांचं काम. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, कागद चिकटवून मोकळा होणारा. हे गृहस्थ मात्र प्रत्येक नियम आधी स्वतः वापरून बघत. कानात बोळे घालायचा नियम आला, तेव्हा दिवसभर बोळे घालून फिरले. "तसंही तुम्ही कुठे कुणाचं ऐकता," असं मी म्हटलं, तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

मग पाळणाघर आलं. पन्नास माणसं कामाला असली की ते ठेवावंच लागतं. शेठनी कॉम्प्रेसरला लागून असलेली खोली रंगवून दिली, भिंतीवर ससा काढून घेतला, एक मावशी नेमली. पॅकिंगमधली सुवर्णा बाळंतपणाच्या रजेवरून परत आली ती मुलीला घेऊनच. सासू जालन्याला, नवरा रिक्षावर, घरी बघणारं कुणी नाही. पोर रडून रडून लालबुंद व्हायची. शेवटी सुवर्णा साहेबांच्या केबिनमध्ये आली.

"मी नोकरी सोडते साहेब. पगाराशिवाय कसं भागवू ते माहीत नाही. पण ही इथं झोपतच नाही."

"थांब गं. आधी मी बघतंय."

दुपारी ते पाळणाघरात गेले आणि पोरीच्या गादीवर आडवे झाले. गुडघ्यापासून पाय फरशीवर. आम्ही दारात उभे राहून हसत होतो. भिंतीपलीकडचा कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला की ते दचकून उठायचे, पुन्हा पडायचे, पुन्हा उठायचे. हळूहळू आमचं हसू थांबलं.

तेवढ्यात शेठ आले. "हे काय चाललंय? कायद्यात खोली सांगितलीय, दिली ना मी खोली?"

साहेब उठून बसले. चिडले की ते पूर्ण मालवणीत बोलायचे. "शेठ, माका झोप लागूक नाय. पोराक कशी लागतली?"

शेठनी कॉम्प्रेसरच्या भिंतीकडे बघितलं. "मग दुसरी जागा कुठाय?"

"माझी केबिन आसा ना."

केबिन पार दुसऱ्या टोकाला, शांत. त्याच दिवशी त्यांनी आपलं टेबल बाहेर पॅसेजमध्ये ओढलं आणि गादी आत गेली. पोर झोपू लागली, सुवर्णाची नोकरी राहिली. मला तेव्हा त्या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि अजून वाटतो.

वर्षभरात ते रिटायर झाले. निरोप समारंभ त्याच पॅसेजमध्ये ठेवला. शाल, नारळ झाला. शेठनी माईक तोंडाशी धरला, तोच सुवर्णा केबिनच्या दारातून बाहेर आली.

"शेठ, आत्ताच झोपलीय ती."

शेठनी माईक खाली ठेवला आणि सगळं भाषण कुजबुजत केलं. मागच्यांना एक अक्षर कळलं नाही. टाळ्यांसाठी वर गेलेले आमचे हात तसेच राहिले.

मग साहेब निघाले. केबिनच्या अलीकडे थांबून खाली वाकले, बूट काढून हातात घेतले आणि काखेत नारळ धरून नुसत्या मोज्यांवर त्या दारावरून पुढे गेले.