वडाखालच्या खाचराचं नाव

साल दोन हजार चोवीस, वय माझं सत्त्याहत्तर. भाद्रपदातली दुपार होती. मी ओट्यावर गवताच्या विळ्याला धार लावत बसलो होतो आणि सुनंदाच्या भावाचा फोन आला. “आबा, ताई गेली.” आठ दिवसांची कावीळ, एवढंच निमित्त. पोरीनं पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. मी विळा खाली ठेवला आणि ओट्याच्या त्या कोपऱ्याकडं बघत राहिलो, जिथं ती बसायची...

त्या कोपऱ्याचीच ही गोष्ट आहे. कुसगावात आमच्या ओट्यावर फोनला रेंज चांगली येते, खाली बौद्धवाडीत, सुनंदाच्या घरी, येत नाही. सुनंदा खंडाळ्याच्या एका हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या स्टोअरवर कामाला होती. सुट्टीच्या दिवशी ती आमच्या ओट्यावर यायची आणि तास न् तास फोनमध्ये काहीतरी शोधायची. बी.ए. तिनं नोकरी करतानाच, घरबसल्या पुरं केलं होतं. आता तिला एम.ए. करायचं होतं, पण संशोधनाचं, आणि तेही नोकरी न सोडता. पुण्याला जाऊन दोन-तीन ठिकाणी विचारून आली. सगळीकडं एकच उत्तर, तयार नोट्स घ्या, परीक्षा द्या. संशोधन पाहिजे तर रोज हजर राहा. एकानं तर विचारलं, “हॉटेलात कामाला आहात, मग संशोधन कशाला?” हे सांगताना ती हसली, पण त्या दिवशी तिनं चहा घेतला नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. मला ते काही पटेना. एकदा म्हणालो, “अगं, परीक्षा न्हाई तर डिग्री कशाची देत्यात? उद्या लोक म्हणतील, फुकट मिळाली.”

“आबा, परीक्षेत दुसऱ्यानं लिहिलेलं पाठ करायचं असतं. मला कुणीच लिहिलं नाही ते लिहायचंय.”

“कुनीच लिवलं न्हाई म्हंजी लिवण्यासारखं नसंल.”

“बघू,” म्हणाली. भांडायची नाही, हीच तिची खोड. भांडली असती तर मी जिंकलो असतो.

तीन वर्षं शोधलं तिनं. मग एका दुपारी ओट्यावरून ओरडली, “आबा, मिळालं!” लांबच्या एका विद्यापीठात तसा अभ्यास होता. दोनच पेपर, बाकी सगळा प्रबंध, आणि शिकवणाऱ्या मॅडम फोनवर. मी विचारलं, “मंग आता काय करायचं?” म्हणाली, “आता शोधायचं.” मी म्हणालो, “तीन वर्सं शोधून पुन्यांदा शोधायचंच काम मिळालं व्हय गं तुला?” ती इतकी हसली की आमची म्हातारी आतून बघायला आली.

विषय तिनं घेतला आमच्या भातखाचरांच्या नावांचा. आता खाचरं बुजवून बंगले होतायत. बंगल्यांना नावं असतात, पण खाली कुठलं खाचर होतं ते कुणाला ठाऊक नाही. मला सगळी तोंडपाठ. कोंबडखाचर, लांबट, सासूचं, घोड्याची उडी... मी सांगायचो, ती लिहायची. म्हातारपणी घरातसुद्धा कुणी आपलं बोलणं पुरतं ऐकून घेत नाही. ही दोन वर्षं ऐकत होती. चूक सांगितली तर पुढच्या सुट्टीला येऊन हळूच विचारायची. तिच्यामुळं मला माझीच जमीन नव्यानं कळली. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

तिच्या मॅडमचा एक नियम होता. एका तोंडचं नाव धरायचं नाही. एक सांगणारा जमीनवाला हवा, एक त्यात राबलेला हवा, आणि दोघांचं जुळायला हवं.

वडाखालच्या खाचरापाशी आलो तेव्हा तिनं विचारलं, “आबा, ह्याचं नाव?”

“वडाचं.”

“आधीपासून?”

“मंग काय खोटं बोलतोय व्हय?”

तिनं पुढच्या खाचराचं नाव विचारलं. मी खोटंच बोलत होतो. लहानपणी माझी आई त्याला बुधाचं खाचर म्हणायची. बुधा हा सुनंदाचा पणजा. उतारावरचे धोंडे फोडून, ताल म्हणजे दगडी बांध रचून ते खाचर त्यानं केलं. निम्मं पीक त्याला द्यायचं बोलणं होतं, ते पाळलं गेलं नाही. माझा बाप आईवर डाफरायचा, “नाव ऱ्हायलं तर हक्क ऱ्हातो. वडाचं म्हनायचं.” मी सत्तर वर्षं तसंच म्हणत आलो.

यंदा श्रावणात ती पास झाली आणि प्रबंधाची एक प्रत मला देऊन गेली. तीच आमची शेवटची भेट. “आबा, वाचा,” म्हणाली. मी तो घेतला आणि देवाच्या फळीवर ठेवून दिला. मला बोट ठेवून अक्षर अक्षर लावावं लागतं, ते तिच्यासमोर कोण करणार...

ती गेल्यावरही तो तसाच होता. दिवाळी झाली, भात पिवळं पडलं. कापणीच्या आदल्या संध्याकाळी तो खाली काढला. माहिती देणाऱ्यांत पहिलंच नाव माझं, पुढं ‘शिक्षण : चौथी’, आणि मागं चक्क ‘श्री.’ लावलेलं. मग खाचरांची पानं. प्रत्येकाला नाव होतं. वडाखालच्यापुढं मोकळी जागा आणि खाली एवढंच, ‘या खाचराचं नाव एकाच व्यक्तीनं सांगितलं. दुसऱ्या व्यक्तीला ते माहीत असावं. त्यांनी सांगेपर्यंत जागा रिकामी ठेवली आहे.’

मी खोटं बोललो असं तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. माझं ‘वडाचं’ तिनं धरलं नाही, आणि आपल्या पणज्याचं नावही परस्पर घातलं नाही. मोकळी जागा ठेवून पास झाली पोरगी. नाव सांगणारं ते एक माणूस राबणाऱ्यांतलं असणार, दुसरा जमीनवाला मीच. ती जागा माझ्यासाठी राखलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापणीला बाया आल्या. आमच्याकडं रीत आहे, मालकानं उभं राहून कुठल्या खाचरापासून धरायचं ते सांगायचं. बायांत सुनंदाची चुलती सोनाबाई होती. कमरेत वाकलेली, पण विळा हातात.

“आबा, कुटनं धरायचं?”

मी म्हणालो, “बुधाच्या खाचरापासनं.”

तरण्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. “ते कुटलं आनि?”

सोनाबाईनं माझ्याकडं बघितलं. मग पदर खोचला आणि म्हणाली, “चला गं. मला ठावं हाय.”

ती पुढं झाली आणि मी तिच्या मागनं चालू लागलो.