काशीचा धडा

आमच्या मोठेबाबांनी उभ्या आयुष्यात शेजारच्या घरचं विरजण उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. एकदा मांजरानं दह्याचं मडकं उलथं केलं, विरजणापुरतंही उरलं नाही, म्हणून आईनं शेजारून वाटीभर दही गुपचूप आणलं. मोठेबाबांनी पहिल्याच घासाला ओळखलं आणि ताट सरकवलं. "घरचं नोय हे," एवढंच म्हणाले. मग मिरचीचे देठ घालून दूध पुन्हा नीट लागेपर्यंत आमच्या घरात कोणी ताकाचं नाव काढलं नाही. असा कर्मठ माणूस! आई चिडून म्हणायची, यांना विस्तव हवा असला तरी घरच्याच चुलीतला लागेल.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. जळगाव जामोदला आमचा पानमळा होता आणि हा हट्ट तिथूनच घरात आला होता. पानवेलीचं बेणं, म्हणजे लावायचे वेलीचे तुकडे, आपल्याच जुन्या वेलीचं घ्यायचं. बाहेरच्या बेण्याबरोबर बाहेरचा रोग येतो आणि बघता बघता अख्खा मळा बसतो. मळ्यापुरतं ते खरंच होतं. पण मोठेबाबांनी तो नियम सगळ्या जगालाच लावला. सुतार नात्यातला, वैद्य ओळखीतला आणि सून पाहायची तीही पाहण्यातल्या घरची.

मळ्यात भर दुपारीसुद्धा अंधारल्यासारखं असायचं. शेवरी आणि पांगाऱ्याच्या सावलीत वेली वर चढलेल्या, खाली ओल, पायात काही घालायचं नाही आणि मोठ्यानं बोलायचं नाही. आंगठ्यात लोखंडी नखी चढवून मोठेबाबा पानं खुडत, तेवढा टुकटुक आवाज. टोकाला विहीर होती. तिच्याकडे आम्ही पोरी जात नव्हतो, कारण मोठेबाबांची धाकटी बहीण काशीआत्या त्याच विहिरीत सापडली होती. जाण्याआधी काही महिने तिला कोणीतरी हाका मारतं असं वाटायचं. जेवता जेवता उठून ती "आली, आली" म्हणत दाराकडे निघायची. बाबा म्हणत होते की खामगावला डॉक्टरला दाखवू. मोठेबाबांनी नाही म्हटलं. घरातलं दुखणं परक्यापुढे मांडायचं नाही. ती गेली त्यानंतर तिचं नाव घरात कोणी उच्चारलं नाही, आणि मोठेबाबांनी तर नाहीच नाही.

मी बी. ए. झाले आणि हट्ट धरला की नागपूरला जाऊन मानसशास्त्रात एम. ए. करीन. घरात नुसता कल्ला झाला. मामा शाळामास्तर होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, बी. एड. कर, नोकरी दाराशी उभी आहे, आणि नोकरीवाल्या पोरीला स्थळंही येतात. मानसशास्त्राचं पुढे काय, ते मलाही धड सांगता येईना. डॉक्टर होणार का? नाही. वकील? नाही. "मंग काय येड्यायची मोजदाद करशीन?" मामांनी विचारलं आणि सगळे हसले. मला रडूच आलं. घरात शेवटचा शब्द मोठेबाबांचा, आणि ते सुपारी कातरत बसले होते.

त्यांनी मग आपल्या पद्धतीनं चौकशी आरंभली. आमच्या पानांच्या करंड्या नांदुऱ्याहून रेल्वेनं जायच्या, त्यामुळे ओळखीचे आडते गावोगाव. माणसं जातील तशी त्यांना तोंडी विचारणा गेली की तुमच्याकडे मानसशास्त्र शिकलेल्याला काम काय मिळतं? इंदूरच्या आडत्यानं उलट विचारलं, पोरगी हात बघायला शिकते आहे का? खांडव्याचा म्हणाला, हे खूळ तिच्या डोक्यात कोणी घातलं त्याला आधी शोधा. नागपूरच्यानं तेवढं नीट सांगितलं की कॉलेजात जागा निघते, पण क्वचित, आणि एकेका जागेला रांग लागलेली असते. मामा म्हणाले, झालं, निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठेबाबांनी मला मळ्यात बोलावलं. मला वाटलं, बी. एड. चं सांगणार. ते नखी काढून हातात फिरवत उभे होते.

"काशीले काय झालं होतं, थे शिकवते का तिकडं?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हटलं, शिकवतात. पुस्तकात तसा धडा आहे.

"मले हाका येऊन राह्यल्या," ते म्हणाले. "पोळ्यापासून. विहिरीकडून."

कोणाच्या, असं मी विचारलं. त्यांनी नखी पुन्हा आंगठ्यात चढवली. मी त्यांचा हात धरला, म्हटलं, आत्ता चला, खामगावला नाहीतर नागपूरला, मी येते बरोबर. ते हलले नाहीत. परक्या माणसापुढे जीभ उचलणार नाही, म्हणाले. "तू शिकून ये. घरचं माणूस पाह्यजे. मंग तू म्हणशीन तिथं येतो." किती वर्षं, असं त्यांनी विचारलं. दोन, मी म्हटलं. त्यांनी विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तवरोक धरतो दम."

रस्त्याकडचा अर्धा मळा त्यांनी विकला. तोच चांगला होता. बाबांनी डोक्याला हात लावला, मामांनी आमच्याकडे येणं सोडलं, आणि जळगावात बोभाटा झाला की बुढ्याची अक्कल गहाण पडली, पोरीच्या नादी लागून सोन्यासारखा मळा घालवला. सगळे तराजू धरून बसले होते की या शिक्षणातून पैसा किती निघेल, कधी निघेल. त्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात खुद्द मोठेबाबा बसले आहेत, हे मला एकटीला ठाऊक होतं. निघताना मी आईला सांगितलं, त्यांना एकटं मळ्यात जाऊ देऊ नकोस. आई हसली. म्हणाली, आता काय वाघ येणार आहे का तिथं?

नागपूरला मी जिवाच्या आकांतानं शिकले, पण शिकवायचे काय? एका मिनिटात किती शब्द आठवतात, घंटा वाजल्यावर बोट किती लवकर उचलतं, कागदावर सांडलेल्या शाईत कोणाला काय दिसतं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं की या पदवीनं तुम्हाला कोणाला औषध देता येणार नाही. मी वसतिगृहात जाऊन पांघरूण घेऊन पडले. तार आली असं कोणी म्हटलं की मी दाराकडे धावायची, मग ती तार दुसरीच्याच नावाची असायची.

दिवाळीला घरी गेले की मोठेबाबा मला एकटीला गाठत. दर वेळी वाळलेले, गालफडं बसलेली. दाराला आतून कडी घालून, वर दोरी बांधून निजत. हाक आली तर गाठी सोडवेपर्यंत भान येतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू मोटेचा नाडा कसा बांधावा ते सांगत होते. मग विचारत, "काशीचा धडा आला का?"

नाही आला, पुढच्या वर्षी आहे, मी म्हणायची. ते मान हलवत. उन्हाळ्यात पुन्हा तेच. त्या उन्हाळ्यात दोरीला गाठी जास्त होत्या.

धडा आला तो दुसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या सुमारास. बाई शांतपणे लक्षणं सांगत होत्या आणि पोरी लिहून घेत होत्या. माझ्याच्यानं एक अक्षर लिहिलं गेलं नाही. तास संपल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं, काशीआत्याचं आणि मोठेबाबांचं. परक्या बाईला घरातलं सांगणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्या म्हणाल्या, परीक्षा राहू दे, आधी त्यांना घेऊन ये. त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते.

नांदुऱ्याला उतरून मिळेल त्या मोटारीनं घर गाठलं. मोठेबाबा मळ्यात होते. मी चप्पल भिरकावून पळत सुटले. ते विहिरीच्या काठावर, आत पाय सोडून बसले होते.

"आला धडा," मी लांबूनच म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं. मी जवळ जाऊन बसले आणि होतं नव्हतं तेवढं सांगितलं. याला नाव आहे, हे भूतखेत नाही, कोणाचं पाप नाही, याच्यावर गोळ्या निघाल्या आहेत. गोळ्या माझ्याजवळ नाहीत, परक्या डॉक्टरकडे आहेत, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग एकेक पाय वर घेतला आणि म्हणाले, "चाल."

गोळ्यांनी गुण आला. मोठेबाबा जेवू लागले, दार उघडं टाकून निजू लागले. हात मात्र कापायचे, त्यामुळे पानं खुडणं सुटलं, आणि उरलेला मळाही वर्षा-दोन वर्षांत मोडला. माझी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. नोकरीसाठी त्यानंतरही खूप वाट पाहिली, बी. एड. झालेल्या मैत्रिणी तोवर घरदार करून बसल्या होत्या. शेवटी अमरावतीला कॉलेजात जागा मिळाली. पुढे आईबाप पोरींना घेऊन यायचे आणि विचारायचे, मॅडम, या विषयाला पैसा लावला तर पुढे आहे काय? मी त्यांना नोकऱ्या सांगायची, नाही असं नाही.

मोठेबाबांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी सुटीवर घरी होते. संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. मी नेहमीसारखं विचारलं, आता हाक येत नाही ना?

"नाही येत," ते म्हणाले. मग त्यांनीच पुढे सांगितलं. "तुही डिग्री कामाची निंगाली, बाई. तुले तवा सांगतलं नाही, पन थे हाक काशीची होती. मले दादा म्हने. आता काशी बी बोलत नाही."

मला रडू फुटलं. माझं रडू थांबायची वाट न बघता त्यांनी हात पुढे केला. मी त्यावर संध्याकाळची गोळी ठेवली, आणि त्यांनी ती पाण्याबरोबर गिळली.