मीठ विहिरीत पोहोचलं तेव्हा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वस्तीतल्या दोघांच्या मदतीने मी मिठाच्या पाण्याचा शेवटचा ड्रम तळ्यातल्या शाफ्टच्या पाइपात ओतला. दोन गोण्या जाडं मीठ गावातल्याच किराणा दुकानातून घेतलं होतं. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, लोनचं घालता काय?" मी हसले नाही. मग मी उतार उतरून खालच्या वस्तीच्या विहिरीवर जाऊन बसले आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी मोजायला लागले.

माझ्या हातात ईसी मीटर होतं. जाड पेनासारखं यंत्र. पाण्यात बुडवलं की पाण्यात क्षार किती आहेत याचा आकडा दाखवतं. वर शाफ्टमध्ये टाकलेलं मीठ विहिरीत आलं, तर आकडा चढणार. नाही आलं, तर शाफ्टचा आणि विहिरीचा संबंध नाही, आणि विहिरीच्या पाण्याला येणारा वास दुसऱ्या कशाचा तरी. मला तो आकडा चढायला नको होता. हा शाफ्ट मी आखलेला होता.

मी हायड्रोजिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारी. नागपूरच्या एका कन्सल्टन्सीत नोकरी करते. शनिवार-रविवार आमचा एक गट खेड्यांमध्ये विनामोबदला काम करतो. गटात बहुतेक जण निवृत्त इंजिनिअर आहेत. प्रमुख खानझोडे सर, ज्यांची सगळी नोकरी धरणांवर गेली. गटात सगळ्यात लहान मी. शाळा-कॉलेज इंग्रजीत झालं, त्यामुळे चारचौघांत मराठी बोलताना मी वाक्य आधी मनात जुळवते. ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

हे गाव बाभुळगाव तालुक्यात आहे. नाव लिहीत नाही. वर मोठं गाव, खाली नाल्याच्या कडेला चाळीसेक घरांची बौद्ध वस्ती. वस्तीची स्वतःची विहीर आहे. ती फेब्रुवारीत आटायची आणि मग बायका वरच्या गावाच्या नळावर जायच्या. विहीर मेपर्यंत टिकवायची, एवढंच आमचं काम होतं.

उपाय साधा होता. नाल्यावर बांध घालून पाणी अडवायचं. पण इथे वरच्या काळ्या मातीतून पाणी खाली मुरत नाही. म्हणून तळ्याच्या तळाशी खड्डा घ्यायचा, त्यात बोअर मारून, पाइप घालून खालच्या खडकाच्या भेगेपर्यंत पोहोचायचं, आणि खड्डा दगड, गिट्टी, वाळूने भरायचा. याला रिचार्ज शाफ्ट म्हणतात. वाळू गाळ अडवते, पाणी थेट भेगेत जातं. भेग कुठून कुठे जाते हे मी दोन रविवार नाल्यात फिरून, उघडा खडक बघून ठरवलं होतं. ती विहिरीच्या दिशेने जात होती.

एप्रिल-मेमध्ये अख्ख्या गावाने श्रमदान केलं. पुढाकार विलासभाऊंचा. वरच्या गावातले कापूसवाले शेतकरी, ग्रामपंचायतीत वजन असलेले. जुलैत तळं भरलं. विहिरीचं पाणी काठाला हात लागेल इतकं वर आलं. सरांनी गटाच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकला आणि खाली माझं नाव लिहिलं. मी तो फोटो आईला पाठवला.

ऑगस्टच्या शेवटी एका सोमवारी मला कुसुमताईंचा फोन आला. कुसुमताई खालच्या वस्तीतल्या अंगणवाडी मदतनीस. मी ऑफिसमध्ये एका क्लायंटबरोबर बसले होते.

"मॅडम, विहिरीच्या पान्याले वास येऊन राह्यला जी."

"कसला वास?"

"फवारनीच्या औषधाचा. आमच्या बुढ्याले दोन दिवस झाले उलट्या होऊन राह्यल्या. शेजारच्या दोघींचं पोट दुखते."

मी बाहेर येऊन सरांना फोन केला. ते म्हणाले, "पावसाळ्यात विहिरींना वास येतोच. नमुना लॅबला पाठव. रिपोर्ट येईपर्यंत घबराट नको. त्यांना उकळून प्यायला सांग."

पाणी उकळल्याने जंतू मरतात. कीटकनाशक जाईलच असं नाही. उलट पाण्याची वाफ होऊन उरलेल्या पाण्यात ते वाढू शकतं. हे मला माहीत होतं. सरांशी बोलताना ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी कुसुमताईंना परत फोन करून सांगितलं, "नमुना पाठवा, आणि तोपर्यंत उकळून प्या."

त्यांनी विश्वास ठेवला. सहा दिवस वस्तीने सरपण जाळून पाणी उकळलं आणि प्यायलं.

शनिवारी रात्रभर मला झोप आली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. झोप लागली. पण शनिवारी दुपारी कुसुमताईंचा मेसेज आला होता की सासऱ्यांना यवतमाळला दवाखान्यात भरती केलं, आणि त्यानंतर मी सरांना न विचारता मीटर बॅगेत टाकलं. रविवारी पहाटे चारच्या बसने निघाले.

गावात उतरल्यावर आधी तळ्यावर गेले. बांधावर तीन जण फवारणीचे पंप घेऊन होते. पाठीवरचा पंधरा लिटरचा बॅटरीपंप. एकाने तळ्यातलं पाणी पंपात भरलं, त्यात झाकणाने मोजून औषध ओतलं, काडीने ढवळलं. दुसऱ्याचं काम संपलं होतं. त्याने पंप तळ्यातच बुडवून खळखळून धुतला. काठावरच्या गवतात रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. पाणी शाफ्टच्या दिशेने अगदी हळू, पण दिसेल असं सरकत होतं.

पूर्वी इथे पाणीच नसायचं. शेतकरी घरून बैलगाडीत ड्रम भरून आणायचे, शेतातच औषध कालवायचे आणि पंप घरी नेऊन धुवायचे. आता शेताला लागून पाणी होतं. आम्हीच ते तिथे आणलं होतं.

श्रमदानाच्या आधीच्या बैठकीत हा प्रश्न निघाला होता. बैठक वरच्या गावाच्या समाजमंदिरात झाली. वस्तीतल्या बायका मागे दाराशी बसल्या होत्या. कुसुमताई उठून म्हणाल्या, "तळ्यावर पंप धुतले तं मंग?" पुढून कोणीतरी म्हणालं, "कुसुमबाई, आंधी तळ्यात पानी तं येऊ द्या!" सगळे हसले. सर नकाशाकडे वळले. मला प्रश्न कळला होता. मी वहीत इंग्रजीत लिहून घेतला, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. बोलले नाही.

तर आता मी विहिरीच्या काठावर होते. दहा वाजता आकडा सहाशे चाळीस. अकरा वाजता सहाशे चाळीस. कुसुमताई शेजारी येऊन बसल्या.

"काय पाहून राह्यल्या?"

"मीठ येतं का ते."

"अन् आलं तं?"

"तर वरचं सगळं इथे येतं."

त्यांनी विहिरीत वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "उकळून काई होत नाई ना?"

"नाही," मी म्हणाले. "मी चुकीचं सांगितलं."

"वाटलंच मले. वास तं उलटा वाढला होता." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सांगाचं होतं मंग तवाच. आमी काय तुमाले खाल्लं असतं?"

माझ्या पुस्तकी हिशेबाप्रमाणे पाणी मातीतून, मुरमातून गाळत गेलं असतं तर हे अंतर कापायला काही आठवडे लागले असते. तेवढ्यात बरंचसं औषध मातीत अडकलं असतं. पण शाफ्टचा उद्देशच माती टाळणं हा होता. बारा वाजून पन्नास मिनिटांनी आकडा सहाशे साठ झाला. मग सातशे दहा. मग नऊशेच्या वर. तीन तास चाळीस मिनिटं. मी जागा अचूक निवडली होती.

मी उभी राहिले आणि वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं की या विहिरीचं पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकाला घ्यायचं नाही, जनावरांना पाजायचं नाही. चाळीस दारं. वाक्य एकच होतं, त्यामुळे जमलं.

संध्याकाळी विलासभाऊंच्या ओसरीवर गेले. सरांना फोनवर घेतलं होतं. मी म्हणाले, शाफ्ट सील करावा लागेल.

"कायले?" विलासभाऊ म्हणाले. "मॅडम, अख्खा उन्हाळा खंदलं आमी. माह्या विहिरीले पयल्यांदा पानी हाये."

"मग तळ्यावर औषध कालवणं, पंप धुणं बंद करा. शेतात टाकी ठेवा."

"मी करीन. बाकीच्यायले कोन सांगन? फवारा माराच्या टायमाले मजूर भेटत नाई, तो का आता पान्यासाठी चक्कर मारन? तळं तुमी बनवून देल्लं शेताजवळ. अन् आता म्हनता हात लावू नका."

यात खोटं काही नव्हतं.

फोनवरून सर म्हणाले, "रिपोर्ट येऊ दे. पुढच्या महिन्यात बाहेरची मंडळी हे काम बघायला येणार आहेत. सील केलं तर आपण दाखवणार काय?"

"सर, लोक आजारी आहेत."

"पाण्यामुळेच, हे डॉक्टरांनी लिहून दिलंय?"

दिलं नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कुसुमताईंना सांगितलं होतं की लक्षणं फवारणीच्या विषबाधेसारखी आहेत, पण कारण पाणीच आहे असं लेखी देता येणार नाही. त्या दिवसांत त्या वॉर्डात फवारणीचे इतर पेशंटही होते.

"मी उद्या सील करते आहे," मी म्हणाले. सर मग म्हणाले, "गटाचं नाव वापरू नको."

मी दोन दिवसांची रजा टाकली. सिमेंट आणि चिकणमाती आणून सोमवारी आम्ही शाफ्टचं तोंड बुजवलं. पंप लावून आधी भोवतीचं पाणी बाजूला काढावं लागलं. कामाला खालच्या वस्तीतले सहा जण आले. वरच्या गावातून कोणी आलं नाही. विलासभाऊ बांधावर येऊन थोडा वेळ उभे राहिले, फावडं मागितलं तर देतील असं वाटलं, पण कोणी मागितलं नाही. ते गेले.

लॅबचा रिपोर्ट गुरुवारी आला. पाण्यात दोन कीटकनाशकं सापडली होती. खाली शिक्का: पिण्यास अयोग्य.

त्यानंतर आम्ही ती विहीर चार वेळा पूर्ण उपसली. भेगांमध्ये मुरलेलं सगळं उपशाने येत नाही, थोडं थोडं झिरपत राहतं. डिसेंबरचा नमुनाही अयोग्य आला. ग्रामपंचायतीने काठावर लाल रंगात तसं लिहिलं.

कुसुमताईंचे सासरे, नामदेवबाबा, अकरा दिवसांनी घरी आले. वाचले, पण हात थरथरतो, कप धरता येत नाही. मी भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर बसले होते. कुसुमताईंनी ओळख करून दिली, "ह्याच त्या मॅडम."

त्यांनी मानेने विहिरीकडे दाखवलं.

"हे विहीर आमी खंदली," ते म्हणाले. "माह्या बापानं, मी, आनखी पाच जन. काहून खंदली मालूम हाये?"

मी नकारार्थी मान हलवली. मला माहीत होतं, पण त्यांनी सांगावं असं वाटलं.

"वरच्या विहिरीवर आमाले पानी भरू देत नव्हते. बापाची माय घागर घेऊन दूर उभी राहे. कोन्या बाईले दया आली तं थे वरून ओते. बाप म्हने, आता कोनाच्या हाताकडे पाहाचं नाई." त्यांनी सुनेकडे बघितलं. "उन्हाळा सोडला तं सत्तर बरस नाई पाह्यलं. आता सून रोज जाते."

"आता तसं नाई राह्यलं बाबा," कुसुमताई म्हणाल्या. "नळ हाये. भरू देतात."

"कवा भरू देतात?"

कुसुमताई चुलीकडे वळल्या. मला उत्तर आधीच कळलं होतं, कारण येताना मी वरचा नळ बघितला होता. वस्तीच्या बायका पाण्याचे गुंड घेऊन लिंबाखाली बसल्या होत्या. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. पण वरच्या गावाचं भरून झाल्यावरच त्या उठतात. तोवर अकरा वाजतात. कधी तोवर नळाचं पाणीच जातं.

गटाच्या वर्षअखेरच्या अहवालात सरांनी या गावासमोर "पूर्ण" लिहिलं होतं. मी ते खोडून "बंद, विहीर दूषित" लिहिलं आणि खाली सही केली. त्यांनी पुन्हा बदललं का, मी विचारलं नाही. मी आता त्या गटात नाही. वस्तीच्या विहिरीचा नमुना मात्र दर तीन महिन्यांनी मीच नेते. मार्चमध्ये विहिरीत वीस फूट पाणी होतं, कारण आता ते कोणी भरत नाही. वस्तीच्या आठवणीत मार्चमध्ये इतकं पाणी कधीच नव्हतं.

आमच्या धंद्यात पाणी किती वाढलं ते मोजतात. या गावात तो आकडा उत्तम आहे.