शिंग आणि सूर्य

सूर्य उगवला, पण शिंगाच्या बराच डावीकडे. वानखडे सरांनी पुन्हा होकायंत्र पाहिलं.

पांढरकवड्याजवळच्या त्या माळावर काळे दगड रोवून काढलेला एक अवाढव्य बैल आहे. किती जुना, कुणालाच ठाऊक नाही. पुसदचे निवृत्त भूगोल शिक्षक वानखडे सर म्हणायचे, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्य बरोबर शिंगाच्या रेषेत उगवतो. ही दिशा त्यांनी होकायंत्रानं काढली होती. त्या सकाळी दरवर्षी धुकं असायचं, म्हणून प्रत्यक्ष कुणी पाहिलं नव्हतं; यंदा आकाश स्वच्छ होतं. दुसरे अभ्यासक म्हणायचे, निव्वळ कल्पना. खाणीच्या आमच्या साहेबांना तर ते शेतातून वेचून टाकलेले धोंडेच वाटायचे. खाणीचा नवा रस्ता बैलाच्या पोटातून जाणार होता, म्हणून मला मोजणीला पाठवलं. मी सर्व्हेअर.

टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, लावून मी शिंगाची दिशा घेतली. सरांच्या आकड्यात आणि माझ्या आकड्यात सात अंशांचा फरक.

"एवढा कसा?" सरांनी विचारलं.

"सर, या दगडात लोह आहे." मी त्यांचं होकायंत्र एका दगडाजवळ नेलं. सुई सरकली.

शेजारी बंजारा तांड्याचे प्रमुख, नाईक प्रेमसिंगभाऊ उभे होते. "मॅडम, हे लिहून राह्यल्या का तुमी? मंग रस्ता बैलावरूनच जाईन."

"मोजलं ते लिहावं लागतं, भाऊ."

"काहून पन? आमचे आजे बैलावर मीठ लादून गावोगाव फिरले. त्याच्यावरून ट्रक जाईन, ते कसं पाहू आमी?"

सात अंश कुणाला कळणार होते? शेवटी सरच म्हणाले, "लिहा, मॅडम. जन्मभर पोरांना तेच शिकवलं मी. पण मग सगळंच मोजा. एकेक दगड."

दिवसभर आम्ही तिघं बैलाभोवती फिरलो. नाईक टेप धरत होते, सर वहीत लिहीत होते. संध्याकाळी पाठीच्या रेषेवर नाईकांनी वाकून गवत बाजूला केलं.

"मॅडम, हे पाहा. खाली पाचर हाये."

दगड हलू नये म्हणून खाली लहान दगड ठोकलेले. पुढच्या दगडाखालीही, त्याच्या पुढच्याही.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. "म्हणजे सूर्याची गोष्ट खोटी?"

"जुळत नाही, साहेब."

"मग रस्ता कशाला वळवू?"

"हे टाकलेले धोंडे नाहीत. कुणीतरी एकेक बसवलाय. फोटो मागे जोडलेत."

त्यांनी फोटो एकेक करून पाहिले. "सूर्य जुळतो असं लिहिलं असतं, तर हेही मी मानलं नसतं."

रस्ता वळवला. पुरातत्त्ववाले पाहायला येणार आहेत. सरांनी आता मागच्या पायाची दिशा मागितलीय. म्हणे, चंद्राशी जुळते का बघू. मी हो म्हटलंय.

आपल्याला नको असलेला आकडा रिपोर्टात तसाच राहू द्यावा. बाकीचे आकडे त्याच्यामुळेच खरे वाटतात.