जूनवाले पहिल्या फैरीत

रिटायर झालेल्या माणसाला छंद लागला की किश्शांना तोटा नसतो. आमचा छंद तर असा, की दोन दिवस तंबूत काढले तरी महिनाभराच्या गप्पांची सोय होते! इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिल गावाजवळ आमची एक हौशी पलटण आहे. इथल्या जुन्या यादवी युद्धाची छावणी हुबेहूब उभारायची, जाड लोकरी कोट चढवायचा आणि प्रेक्षकांसमोर खोटी लढाई खेळायची. त्यात मराठी दोघंच, मी आणि रिटायर्ड हाडांचे डॉक्टर कुलकर्णी.

*

त्या काळचं सैनिकांचं बिस्किट म्हणजे विटेचा तुकडा. ते कॉफीत कसं भिजवायचं, याचं ट्रेनिंग आमचा कॅप्टन वॉल्ट नवख्यांना देत होता. त्याचं समजावणं संपेपर्यंत आम्ही दोघांनी आपापली बिस्किटं संपवली होती.

"आधी सैन्यात होतात?" त्याने विचारलं.

"छे! रोज चहात खारी बुडवतो!"

*

त्या काळात नसलेली वस्तू छावणीत चालत नाही. एकदा बायकोने थालीपीठं फॉइलमध्ये बांधून दिली. कॅप्टनने फॉइल जप्त केलं आणि थालीपिठांकडे बघत संशयाने विचारलं, "आणि हे तेव्हा होतं?"

कुलकर्णी शांतपणे म्हणाले, "होतं. फक्त इथपर्यंत पोचलं नव्हतं!"

कॅप्टनने दोन खाल्ली.

*

कुलकर्णींना सर्जनचा तंबू दिला होता. हातात करवत घेऊन लोकांना घाबरवायचं, एवढंच काम. एका बाईंनी सहज गुडघा दुखतो म्हटलं. झालं! डॉक्टरांनी करवत ठेवली, गुडघा तपासला, व्यायाम शिकवले. बघता बघता बाहेर लाइन लागली.

कॅप्टन ओरडला, "डॉक्टर, पाय कापायचेत, बरे नाही करायचे!"

*

आता मरण्याबद्दल. लढाईत कोणी कधी पडायचं, हे आमच्याकडे जन्माच्या महिन्यावर ठरतं. मागच्या लढाईत कॅप्टनने जाहीर केलं, "जूनवाले पहिल्या फैरीत!"

माझा जन्म दिवाळीतला. पण शाळेत घालताना मास्तरांनी एक जून लावला, तोच पासपोर्टवर आला. कुलकर्णींचंही तेच! एरवी मी आनंदाने मेलो असतो. पण त्या दिवशी माझी बारा वर्षांची नात ईरा वर्गासकट बघायला येणार होती. "आजोबा, प्लीज, माझ्या फ्रेंड्सना ओळख दाखवू नका," असं तिने आधीच बजावलं होतं. मला ते लागलं होतं. निदान शेवटपर्यंत लढताना तरी तिने मला बघावं, अशी फार इच्छा होती.

मी कॅप्टनला सगळं समजावलं. तो म्हणाला, "लायसन्सवर काय आहे?"

"एक जून."

"मग मर!"

*

पहिली फैर झाली. मी पडलो, तो नेमका मुलं उभी होती त्या दोरीसमोर. ऊन मी म्हणत होतं, नाकावर मुंगी चढली होती, पण मी हललो नाही. ईरा दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

एक मुलगा ओरडला, "लूक! दॅट ओल्ड गाय इज ब्रीदिंग! सो फेक!"

सगळा वर्ग हसला. आणि मग ईराचा आवाज आला, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा:

"दॅट्स माय आजोबा! अँड ही इज टोटली डेड, ओके?"

तेवढ्यात तलवार उपसून धावणारा कॅप्टन वॉल्ट माझ्यापाशी थबकला आणि वाकून दबक्या आवाजात खेकसला, "दात झाक! मेलायस तू!"