खालच्या पट्टीतलं गीत

गळ्याच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला आणि खरं सांगायचं तर त्याच्याबरोबर माझी प्रार्थनाही गेली. बोलता यायचं, पण गायला तोंड उघडलं की वरच्या सुरांवर नुसती हवा निघायची. नसरापूरच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत पंधरा वर्षं भक्तिगीतं मीच रचत होते आणि पेटी घेऊन मीच गात होते. मंडळीतली शेतकरी माणसं दर रविवारी डोळे मिटून ऐकायची. मला त्याचा अभिमान होता. वरवर नम्रपणाचा आव आणायचे तो वेगळा. डॉक्टरांनी सांगितलं, आवाज आता आहे एवढाच राहील. त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला.

आमचे पाळकसाहेब भोंगवलीला घरी भेटायला आले, तेव्हा मी तडकून विचारलं, "देणगी त्यानंच दिली ना? मग काढून का घेतली?" आता हे उपदेश करणार, असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही, ताई. पण शब्द तर अजून सुचतात ना? येत्या उपकारस्तुतीच्या उपासनेसाठी गीत करा. गाईल दुसरं कुणीतरी." उपकारस्तुती म्हणजे सुगीनंतर नवं धान्य वेदीपुढे ठेवून देवाचे आभार मानायचा दिवस. गीत मी केलं, चालही लावली; पण ते दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव होईना. घरात कुणी नसलं की पेटी काढायची, हट्टानं जुन्याच पट्टीत, काळी चारमध्ये, म्हणून बघायचं आणि रडायचं. शेवटी मनाशी ठरवलं, की त्या रविवारी पेटी मंडळीच्या स्वाधीन करायची आणि पुन्हा म्हणून गायचं नाही.

सोयाबीन निघालं की आमच्याकडे मोकळ्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसवतात. लेंड्यांचं खत मिळतं. त्या आठवड्यात आमच्या रानात असाच एक कळप उतरला होता. सकाळी मी पेटीशी झटत बसले असताना त्यांच्यातली एक म्हातारी पाण्याची कळशी घेऊन दारात आली. कधी आली, किती ऐकलं, कोण जाणे. मी ओशाळून थांबले.

"गानं ग्वाड हाय, बाई," ती म्हणाली. "पन एवढ्या वर कशापाई चढताय? मला वाटलं कुनाला तरी लांब हाका मारताय."

"देवाला मारते हाक," मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले.

"मंग त्यो काय लांब हाय व्हय?"

तिनं कळशी भरून घेतली आणि गेली. मी मात्र पट्टी बरीच खाली घेतली. मग काळी एकवर बोट ठेवलं आणि बोलल्यासारखं हळू म्हणून पाहिलं. आवाज घोगरा होता, पण कडव्याच्या शेवटापर्यंत तुटला नाही. दुसऱ्या दिवशी तिला सांगायला रानात गेले, तर कळप किकवीकडे निघून गेला होता.

रविवारी भीत भीत त्या खालच्या पट्टीत गीत धरलं. धृपद दुसऱ्यांदा घेतलं आणि मागून एक जाड आवाज आला. मग आणखी एक. तिसऱ्या कडव्याला अख्खी मंडळी गात होती. कंबरेत वाकलेले आजोबासुद्धा. माझा घोगरा आवाज त्यात कुठं होता, मलाच सापडेना. आणि शेजारी आमचे हे, आजवर उपासनेत कधी ओठ न हलवलेले, मान वर करून गात होते.

घरी येताना गाडीवर मी यांना विचारलं, "इतकी वर्षं का नाही गायलात?"

"तुजी पट्टी लई वर," हे म्हणाले. "आमाला कुठं झेपायची? मंग आयकत बसायचो."

मला हुंदकाच फुटला. मी सगळ्यांना देवाजवळ नेते आहे असं समजत होते आणि त्यांना तोंड उघडायला जागाच ठेवली नव्हती. ती म्हातारी कोण, तिला कुणी पाठवलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. जुना आवाज परत दे, हे मागणं मात्र मी सोडलं आहे. आता दर रविवारी हे माझ्या कानाशी मोठ्यानं गातात, तेही बेसूर. प्रभू, तुझे किती उपकार मानू!