कोऱ्या चहावरची साय

आमच्या घरी चहा कोराच व्हायचा. दूध आणलं जायचं ते पाहुणा आला तर, आणि तेही पाहुण्याच्याच कपात जायचं. वडील मार्केट यार्डात पोती उचलायचे, आई लोकांकडे पोळ्या लाटायची. चहाचा चोथासुद्धा ती वाळवून पुन्हा उकळायची. त्या दुसऱ्या चहाला रंग यायचा, बाकी काही यायचं नाही. ज्यांच्याकडे पोळ्या लाटायची, त्यांच्या घरी दुधावर जाड साय धरायची. "आपल्याकडे कधी धरणार अशी?" असं आई म्हणायची, जसं इतर लोक बंगल्याबद्दल म्हणतात.

त्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. शिकत शिकत अमेरिकेत ॲन आर्बरला पोचले आणि तिथे केलं काय, तर चांगला चहा मुद्दाम आंबवायला ठेवला.

याचं मूळ माझ्या गाइडबाई. त्या घरी कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला चहा, करतात. एकदा लॅबमध्ये त्यांनी मला बरणी दिली. तळाशी थोडा आंबट चहा, वर पांढरट, जेलीसारखा थर. हे गोड कोऱ्या चहात सोडायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि आंबेपर्यंत हात लावायचा नाही. मीही ऐकवलं, "चहा आम्हाला कुणी शिकवायला नको. ग्रॅज्युएशनच्या दिवशी घरी या, माझ्या हातचा प्या."

माझी रूममेट नागपूरची. ती म्हणाली, "यार, बोलून बसलीस खरी. बिघडला तर काय पाजशील, फॅन्टा?"

समारंभाच्या महिनाभर आधी आई आली. एका दुपारी मी घरी आले तर बरणी घासून पालथी घातलेली.

"आई, यातला चहा?"

"करून विसरलीस ना? पार आंबला होता. टाकायचा कशाला? गूळ-आलं घालून उकळला."

सोफ्यावर रूममेट कप धरून बसली होती, तोंड वाकडं. "काकू म्हणाल्या, पी. काकूंना नाही कोण म्हणणार?"

"आणि वरचा थर?"

आईचा चेहरा उजळला. "साय ना? ठेवली की फ्रिजमध्ये! केवढी जाड गं! कोऱ्या चहावर साय धरणारा देश पहिल्यांदाच बघितला. उद्या विरजण लावते, तूप निघेल."

मी फ्रिजकडे धावले. डब्यात थर होता, भोवती थोडा आंबट चहाही होता. म्हणजे जीव वाचला होता. मग आईला समजावलं, की हे जिवंत असतं, जुनं थोडं नव्यात घालायचं, ऊब द्यायची, की नवं लागतं.

"मग विरजण आहे म्हण की सरळ! मघापासून काय बॅक्टेरिया बॅक्टेरिया लावलंय!"

तिथून पुढे बरणी तिच्या ताब्यात. बाहेर अजून थंडी होती, म्हणून तिने बरणीला काहीतरी काळं गुंडाळलं. जवळ जाऊन बघते तर माझा ग्रॅज्युएशनचा गाऊन!

"आई!"

"ओरडू नकोस. तू एक दिवस घालणार. हिला रोज लागतो."

समारंभाच्या सकाळी बरणीचा गाऊन काढून मी घातला. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा भाषणं संपेपर्यंत नाक चोळत होता.

संध्याकाळी गाइडबाई आल्या. एक ग्लास प्यायल्या, आपण होऊन दुसरा भरून घेतला आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या बरणीत बुरशी आली. तुझ्यातला थोडा थर देशील?"

मी चमचा उचलला तशी आईने माझा हात धरला. "दिवे लागलेत. आता विरजण द्यायचं नसतं. त्यांना म्हणावं, सकाळी या."

ज्यांनी माझा थीसिस दहादा परत पाठवला होता, त्यांना मी हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि आईला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिकामी बरणी घेऊन आल्या. आमच्या घरातली पहिली पदवी मी मिळवली, आणि गाइडबाईंच्या घरी आता आमचं विरजण आहे.